उलटा पाना

वहिनींनी पिशवीतून स्क्रू पाना काढला, त्याच्याभोवतीचा रुमाल सोडला आणि फोरमनच्या पुढे आलेल्या हातात तो मुद्दाम उलटा ठेवला.

कारखान्याच्या आवारात नवी शेड उभी राहिली होती, नव्या मुलांना फिटरचं काम शिकवण्यासाठी. दारावर फोरमनचं नाव होतं, त्यावर अजून कापड होतं. कापड ओढण्याआधी आतल्या पंपाचा शेवटचा नट फोरमननं आवळायचा, आणि तोही आपल्या गुरूच्या, म्हणजे वहिनींच्या यजमानांच्या पान्यानं, असं ठरलं होतं. ठरवलं फोरमननंच. त्यासाठी तो स्वतः वहिनींच्या घरी येऊन चहा घेऊन गेला होता.

"मास्तरांचा पाना!" त्यानं तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. "यावरच शिकलो मी. वहिनींच्या हातचं जेवून शिकलो. काय वहिनी?"

"जेवलात खरं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शिकलात का, ते बघू आता."

लोक हसले. फोरमन सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पाना चकचकीत होता. मास्तर गेल्यावरही वहिनी त्याच्या स्क्रूत शिवणयंत्राचं तेल सोडायला विसरल्या नव्हत्या. मास्तर संध्याकाळी पायरीवर बसून अंगठ्यानं तो स्क्रू फिरवत राहायचे. लहान जबडा पुढे, लहान जबडा मागे. स्वयंपाकघरात तो बारीक किरकिर आवाज ऐकू आला की वहिनींना कळायचं, माणूस घरी आलं. कारखान्यानं काढून टाकल्यावर तो आवाज दिवसभर यायला लागला.

पान्याला जबडे दोन. मोठा दांड्याशी एकजीव, लहान स्क्रूवर सरकणारा. जोर मोठ्यानं पेलायचा, लहान्यानं नटाला नुसतं धरून राहायचं. म्हणून लहान जबडा ज्या अंगाला, त्याच अंगाला दांडा ओढायचा. उलट ओढला की सगळा भार लहान्यावर येतो, जबडा फाकतो आणि पाना नटावरून निसटतो. मास्तर शिकाऊ मुलांच्या हातात पाना नेहमी उलटाच द्यायचे. जो न सांगता पलटून घेईल, त्यालाच पुढचं काम. फोरमन शिकाऊ होता तेव्हा मात्र कधी पलटून घ्यायचा नाही. मास्तर त्याला टपली मारायचे, "गाढवा, हात सोलून घेशील," म्हणायचे आणि जेवायला घरी घेऊन यायचे.

पहिल्या रांगेत तेलवाला बसला होता. यंत्रांना तेल घालायचा म्हणून तेलवाला. आता त्याला दिसत नव्हतं. अपघाताच्या दिवशी वाफेच्या नळीचा नट कोणीतरी आवळत होतं आणि तो तिथंच पाठमोरा होता. मागे खट्ट आवाज झाला, म्हणून वळला, आणि वाफ थेट डोळ्यांत गेली. चौकशीत फोरमननं सांगितलं, पाना मास्तरांच्या हातात होता. पाना मास्तरांचा होताच. मग कोणी पुढे काही विचारलं नाही, मास्तरांना काढून टाकलं. मास्तर "मी नव्हतो" म्हणाले. एकदाच म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आज तेलवाल्याला हाताला धरून वहिनींनीच आणलं होतं. "बरं केलंत, वहिनी," फोरमन दारातच म्हणाला होता. "जुनी माणसं हवीतच."

फोरमन पंपावर वाकला. अंगठ्यानं स्क्रू फिरवून त्यानं जबडा नटाला भिडवला. दिला होता तसाच, उलटा.

"फोरमनसाहेब, जरा इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. साहेबांनी इकडे बघितलं.

अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता. वहिनींना पाटावर बसलेला, मान खाली घालून भराभर जेवणारा एक पोरगा दिसला. दुसरं वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरून लाजणारा. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि तोंड मिटून घेतलं.

फोरमननं दांड्यावर सगळं अंग टाकलं.

खट्ट!

पाना निसटला. फोरमनची मूठ पंपाच्या लोखंडावर जाऊन आदळली आणि बोटांची सालटी निघाली. कोणीतरी "अरे, अरे" केलं, कोणी पाणी आणायला धावलं. "काही नाही, काही नाही," फोरमन हात झटकत म्हणाला. "जुना झालाय पाना. जबडा सैल झालाय."

मग एकेक मान पहिल्या रांगेकडे वळली.

तेलवाला उभा राहिला होता. आवाजाच्या दिशेला वळून, दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून. हात खाली घ्यायला त्याला वेळ लागला.

"पाना कोणाच्या हातात आहे?" त्यानं विचारलं.

फोरमननं पाना दुसऱ्या हातात घेतला.

"मास्तर तर गेले," तो म्हणाला. "मग आत्ता कोणाच्या हातात आहे?"

जुने फिटर नटाकडे बघत होते. त्याचे कोपरे सोलले गेले होते, त्या दिवशीच्या नळीच्या नटासारखेच. मग ते फोरमनच्या मुठीकडे बघायला लागले.

"सांगा ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मागे तुम्हीच सांगितलं होतंत."

फोरमननं तोंड उघडलं. रक्ताचा एक थेंब त्याच्या नव्या बुटावर पडला.

वहिनी पुढे झाल्या. त्याच्या हातातून त्यांनी पाना काढून घेतला, रुमालानं दांडा पुसला आणि अंगठा स्क्रूवर ठेवला. दारावरच्या कापडाची दोरी हातात धरलेला माणूस तसाच उभा होता. ओढू की नको, हे त्याला कोणी सांगत नव्हतं. शेडमध्ये तेवढा एकच आवाज उरला होता, जबडा हळूहळू मिटत आणल्याचा.