हिरव्या दिव्याचं लिंबू

धंतोलीतल्या दवाखान्यात सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या पडद्याचा दिवा सदा हिरवा. त्याला नजर लागू नये म्हणून तिथला मदतनीस पंकज दर शनिवारी लिंबू-मिरची टांगायचा. आज दिवा हिरवा असतानाच लॅबचे रिपोर्ट अडकले, पेशंट बाकांवर ताटकळले. कंत्राटावर सर्व्हर सांभाळणाऱ्या कामिनीताईंनी पाहिलं, तर डेटाबेसच्या नोंदींच्या वाढत्या लॉग फाइलला मर्यादाच नव्हती. दिव्याचा रंग ठरायचा मर्यादेचे किती टक्के भरले त्यावर; अमर्यादातले किती टक्के भरले? पडदा शून्यच सांगणार. इकडे डिस्क काठोकाठ भरलेली. बॅकअप घेऊन जागा मोकळी केली, रिपोर्ट सुटले, आणि ताई फाइलला मर्यादा घालायला बसल्या. पंकज घाबरला. “ताई, चालू सिस्टिमले काहून छेडून राहिल्या? गर्दीत दिवा लाल झाला तं? उद्या तुमच्या कंत्राटाची मीटिंग आहे!” “होऊ दे गा. पेशंटच्या आधी आपल्याले समजलं पाहिजे.” दुपारी दिवा पिवळा झाला: फाइल मर्यादेजवळ आली होती, रिपोर्ट मात्र चालूच होते. पंकज नवं लिंबू शोधू लागला. ताईंनी जुनं काढून त्याच खिळ्याला आपल्या फोन नंबरची चिठ्ठी टांगली: ‘पिवळा दिसला की फोन करा.’