पेल्यांची उतरंड

"आत नको. हितंच बसा, हवा हाय," म्हणत महानंदाने शेवग्याखाली सतरंजी अंथरली आणि भार्गवी पर्स सांभाळत खाली टेकली.

गावोगावची पोरं घरदार सोडून लातूरला क्लाससाठी येतात. भार्गवीला मात्र आपल्या लेकाला क्लासमधून काढून घरीच शिकवायचं होतं. सर्वेश सातवीत होता आणि रोज सकाळी क्लासला निघताना ओकत होता. पुढच्या बॅचची जागा ठेवायची की सोडायची, ते आज संध्याकाळपर्यंत सांग, असं नवऱ्याने तिला बजावलं होतं. कॉलनीत महानंदाचं फार कौतुक होतं. ती पोरीला शाळेत न घालता परसातच शिकवते म्हणे. म्हणून भार्गवी बघायला आली होती. टेकल्या टेकल्या तिने मायलेकींना सर्वेशचं सगळं सांगूनही टाकलं.

बघून तिचा जीव सुखावला. अकरा वर्षांची सुकन्या शेवग्याच्या शेंगेचे तुकडे मांडून अपूर्णांक करत होती. ते झाल्यावर तिने भिंतीवरचं कुंभारमाशीचं मातीचं घर दाखवलं.

"माशी आत अळ्या भरून ठिवती, काकू. वरून लिंपून टाकती. पिल्लू त्या खाऊन मोठं होतंय अन् घर फोडून बाहेर येतंय."

"आणि नाही फोडता आलं तर?"

सुकन्याने आईकडे पाहिलं आणि शेंगेचे तुकडे गोळा करायला घेतले.

"महानंदाताई, कसं सुचलं हो तुम्हाला हे सगळं?"

"सुचलं-बिचलं काय न्हाई. मोकळ्यावर बरं वाटतंय. झाडाला शेंग होती, शेंगच घेतली हातात."

भार्गवीला हे उत्तर फारच थोर वाटलं. तिच्या डोक्यात एव्हाना गॅलरीतल्या कुंड्यांची शाळा भरलीसुद्धा होती.

सुकन्या पट्टी आणायला घरात गेली. महानंदा बोलता बोलता थांबली आणि दाराकडे बघत राहिली. पोरगी बाहेर आल्यावरच तिला पुढचा शब्द सापडला. भार्गवीला ते जरा विचित्र वाटलं, पण तिने मनावर घेतलं नाही.

मागच्या दाराजवळच्या कट्ट्यावर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचले होते. "आणि हा कसला प्रयोग?" भार्गवीने हौसेने हात पुढे केला.

"हात नका लावू, काकू," सुकन्या घाईने म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी धडधडू लागली. पायाखालची जमीन थरथरली, पेले वाजले आणि सगळी उतरंड खणाखण कट्ट्यावरून खाली आली.

"बाहेर! सुकन्ये, बाहेर ये!" महानंदा किंचाळली. तिने पोरीचं मनगट धरलं आणि तिला फरफटत कुंपणापर्यंत नेलं. भार्गवीही मागोमाग पळाली. कशाला, ते तिलाही कळलं नाही.

"आई," सुकन्या हळूच म्हणाली, "आपण बाहेरच हाव."

महानंदाने तिचं मनगट सोडलं. पदराने तोंड पुसलं. बोअरची गाडी थांबली होती. "चहा टाकते," एवढंच म्हणून ती खाली मान घालून आत गेली.

सुकन्या खाली बसून पेले गोळा करू लागली.

"आईचं माहेर किल्लारी. भूकंपात आजोबा, आजी, मामा आत झोपले होते. आई तेवढी अंगणात होती. पेले वाजले की पळायचं, असं हाय आमच्यात."

"मग शाळेत तुला घातलंच नाही?"

"घातलं होतं की. आई रोज वर्गाच्या दारात हुबी ऱ्हायची, शाळा सुटंस्तवर. पाय सुजले तिचे. मग मीच म्हणले, घरी शिकते." तिने एक पेला फ्रॉकला पुसला. "शाळा लई आवडायची मला."

भार्गवी गोंधळून गेली. काय बघायला आलो आणि काय बघितलं! पण शेंगेचे तुकडे खोटे नव्हते. पोरीला अपूर्णांक येत होते, सर्वेशपेक्षा चांगले येत होते. मग घरी जाऊन सांगायचं काय?

"काकू, तुमचा सर्वेश भितोय म्हणून क्लासातून काढायलात का त्याला?"

"हो ना गं. फार घाबरतो."

सुकन्याने पेल्यावर पेला पालथा घातला. "त्यो घाबरतोय का तुमी?"

भार्गवीने नवऱ्याला सांगायला पर्समधून फोन काढला आणि तसाच परत ठेवला. आतून कपबशांचा आवाज येत होता. पलीकडे बोअरची गाडी पुन्हा धडधडू लागली, तशी सुकन्याने सगळ्यात वरच्या पेल्यावर तळहात दाबून धरला.