दोन्ही सूर

“तो कोमल सूर पानावरून काढून टाका,” अनुपमा मॅडम म्हणाल्या. “आत्ता, माझ्यासमोर.”

त्या पुण्याहून दौंडच्या गाडीनं केडगावला उतरल्या होत्या आणि स्टेशनापासून उन्हातनं चालत आल्या होत्या. रंभाआक्कानं त्यांना पाणी दिलं. तिनंच उतरवून दिलेलं जाड ब्रेल पान त्यांनी परत आणलं होतं, ते तिनं मांडीवर घेतलं.

रंभाआक्काचे डोळे दुसऱ्या वर्षी गोवरानं गेले. केडगावातच, मिशनच्या अंधशाळेत, ती ब्रेल शिकली, पियानो शिकली. गेली तीस वर्षं ती आंधळ्या मुलींसाठी पियानोचं संगीत ब्रेलमध्ये उतरवून देत होती. या वेळचं काम दौंडच्या शितलचं होतं. सतरा वर्षांची पोर, तिलाही दिसत नव्हतं. महिन्याभरावर तिची परीक्षा आली होती, आणि अनुपमा मॅडम तिला शिकवत होत्या.

रचना दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन संगीतकाराची. परीक्षेला नेमलेलं पुस्तक मॅडमनीच पाठवलं होतं. पण रंभाआक्का एका पुस्तकावर विसंबत नसे. त्याला कारण होतं. बाविसाव्या वर्षी तिनं दौंडच्या एका कार्यक्रमात पियानो वाजवला. टाळ्या पडल्या. नंतर एका पाहुण्या बाईनं जवळ येऊन विचारलं, “मधला एवढा भाग का गाळलास?” रंभाला तो भाग ठाऊकच नव्हता. बाहेरून आलेल्या तिच्या ब्रेल प्रतीत तो नव्हताच. आंधळ्या मुलीला जड जाईल म्हणून उतरवणाऱ्यानं परस्पर वगळला होता, आणि वगळल्याचं कुठं लिहिलंही नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही.

तेव्हापासून ती मिळतील तेवढ्या प्रती ताडून घ्यायची. त्यासाठी डोळे सविताचे. शेजारच्या मळ्यातली ही बाई सकाळची शेवंती तोडून झाली की मोबाईल घेऊन येई. परदेशातल्या एका ग्रंथालयानं हस्तलिखिताची पानं इंटरनेटवर ठेवली होती, त्या काळची पहिली छापील प्रतही होती. संगीतातलं ओ की ठो सविताला कळत नव्हतं. ती नुसतं दिसेल ते सांगे. “तिसऱ्या रेघेवर कळी. वरच्या फटीत फूल.” भरीव खूण म्हणजे कळी, पोकळ म्हणजे फूल.

दुसऱ्या पानावर ती अडली होती.

“आक्का, हातानं लिवलंय त्यात ह्या कळीच्या आधी बारका इंग्रजी बी हाय. छापल्यात न्हाई.”

ते कोमलचं चिन्ह होतं. संगीतकाराच्या हातचा सूर कोमल, छापखान्याचा शुद्ध. रंभाआक्कानं दोन्ही सूर उतरवले, आणि कुठला कुठून घेतला ते खाली टिपेत लिहिलं.

शितलनं वर्गात कोमल वाजवला. मॅडमनी थांबवलं. तिनं पुन्हा कोमलच वाजवला.

“परीक्षक चूक धरतील,” मॅडम आता म्हणाल्या. “जगभर सगळे शुद्ध वाजवतात, रंभाताई.”

“वाजवू द्या की.”

“हा निव्वळ हट्ट आहे. बरं, मग हे बघा.” मॅडमनी पर्समधून टॅब काढून आक्काशेजारी बसलेल्या सविताच्या हातात दिला. “छपाईच्या आधी संगीतकाराकडे तपासायला आलेलं पान आहे हे.”

सवितानं पान मोठं केलं, पुन्हा लहान केलं. तिला आक्काच्या बाजूनं बोलायचं होतं. तिनं पान परत मोठं केलं.

“काय हाय, सविता?”

“बी खोडलाय, आक्का, आन् बाजूला शाईनं कायतरी लिवलंय. छापखान्यानं न्हाई. हस्तलिखितात हाय तेच वळण, तसाच हात.”

“नीट बघितलंस?”

“दोनदा.”

रंभाआक्कानं मान हलवली. मग तिनं सहा कळांचं ब्रेल मशीन पुढं ओढलं, पान त्यात सरकवलं आणि तळाशी काहीतरी टंकलं. मॅडमनी सुस्कारा सोडला.

“काढलात ना?”

“न्हाई. टिपंत वाढवलं. ‘तपासणीच्या पानावर संगीतकारानं स्वतः कोमल खोडला.’ हे शितलला कळायला पायजे व्हतं. आणलंत ते बरं केलंत.”

“आणि कोमल?”

“तो ऱ्हाईल.”

मॅडम उठल्या. पुढची सगळी कामं आपण कॉम्प्युटरवर करून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. पुस्तक घातलं की ब्रेल निघतं आणि मशीन वाद घालत नाही. त्यांचा वर्ग सोडला तर आता रंभाआक्काकडे दुसरं कुणी काम पाठवत नव्हतं. ते तिघींनाही माहीत होतं.

“घ्या करून,” रंभाआक्का म्हणाली. “हे पान मातुर असंच जाईल. मधनं काही काढायचं असलं तर तुमच्या हातानं काढा, आन् काढलं म्हणून खाली तुमचं नाव लिवा.”

मॅडमनी पान पिशवीत घातलं. उंबऱ्याशी जाऊन त्या थांबल्या. राग होताच, पण आता त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“एवढा पटलाय तुम्हाला तो कोमल सूर?”

“न्हाई ओ,” रंभाआक्का म्हणाली. “मला पहिल्यापासनं शुद्धच बरोबर वाटतोय. पर बोटं शितलची हायती.”