चारशे वॅटची मावशी

भाच्याच्या बँडमध्ये मावशी पाच वर्षे बेस गिटार वाजवत होती. पण तिच्या जुन्या, डब्याएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ड्रमच्या गडगडाटात पार बुडून जाई. "तू वाजवलंस काय नि नाही काय, कोणाला पत्ता लागतोय!" असे भाचा मागच्या कार्यक्रमानंतर हसत हसत म्हणाला, आणि ते तिला झोंबले. तंत्रनिकेतनात शिकलेल्या मावशीने मग तीन महिने ओहम आणि वॅट यांचे तक्ते मांडले, सरावाच्या खोलीच्या जिन्याची रुंदी मोजपट्टीने मोजली, आणि अखेर चारशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर व एकेक करून वर नेता येतील असे दोन स्पीकर कॅबिनेट निवडले.

सरावाला तिने पहिलीच तार छेडली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मावशीच्या अंगावर आनंदाने काटा आला. पण दुसऱ्या ओळीलाच सगळे पुढे गेले आणि बेस मागे राहिला.

"मावशी, घसरतेयस गं!" भाचा ओरडला.

"मी नाही घसरत. मोजून बघा."

ड्रमरने फोनवर ठोके मोजणारे अ‍ॅप लावले. मावशीने अख्खे गाणे एकटीने वाजवले. एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही.

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मावशी, तुम्ही आधीपासून असंच वाजवायचात?"

"पाच वर्षं."

"म्हणजे पाच वर्षं आम्हीच पळत होतो!" तो भाच्याकडे वळला. "चल, पुन्हा पहिल्यापासून! आणि आता एक-दोन-तीन-चार म्हणायचं ते मावशींनी."