आत येऊ का जी?

रक्षानं दाराची कडी काढली आणि दार सताड उघडं ठेवलं.

"कडीनं तो थांबत नाई जी," ती गजेंद्रला म्हणाली. "कोणी 'ये' म्हटलं नाई, तरच थांबते. तुमी तेवढं म्हणू नोका. रोशनीलेबी सांगून ठेवलं हाय."

तो म्हणजे तिचा नवरा रुपेश, सिंदी रेल्वे गावचा. दिसायला चारचौघांसारखा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पण माणसाचं रक्त पितो, असं रक्षाचं म्हणणं होतं. पोटच्या पोरीलाही त्यानं सोडलं नव्हतं, म्हणून तर ती रोशनीला घेऊन पळाली होती. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय मात्र त्याला परक्याचा उंबरठा ओलांडता येत नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गजेंद्र हसला होता. मग तिनं रोशनीच्या फ्रॉकचा गळा खाली ओढला. पोरीच्या इवल्याशा मानेवर दोन लाल भोकं होती. पोर रडली नाही की बोलली नाही. त्यानंतर गजेंद्र कधी हसला नाही.

जाम गावच्या चौकाजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं, मागे राहायला दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका दिवेलागणीला ही बाई पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. बाकीच्या पोरी उन्हात बांधतात तसा तोंडाला दुपट्टा घट्ट बांधलेला.

"आत येऊ का जी?"

तो चुलीवरच्या भातात गुंतला होता. तिनं पुन्हा विचारलं, पण पाऊल काही उचललं नाही.

"ये ना बाई, ये. विचारून काऊन राह्यली?" तो म्हणाला, तेव्हा कुठे ती आत आली.

जाममध्ये असं कुणी विचारत नाही. शेजारची तानाबाई "हाव का रे गजू?" म्हणेपर्यंत चुलीशी पोचलेली असते. रक्षा मात्र तिच्याकडे कढीची वाटी घेऊन गेली, तरी "ये वं माय" ऐकू येईतो अंगणातच थांबली.

"वळण हाय पोरीले," तानाबाई म्हणाली. "तू बी आता एकटा नोको राहू, गजू."

तिनं त्याच्या मनातलंच बोलून टाकलं होतं. चाळिशी उलटलेला, ग्रीसनं हात काळे पडलेला हा बाप्या हल्ली दुकान बंद करताना भांग पाडू लागला होता. साबणही वासाचा आणला होता. रक्षा दोघांना गरम वाढायची, "तुमी जेवून घ्या, मी मागून बसते" म्हणायची. बायकांचं असंच असतं, तिला जेवताना त्यानं कधी पाहिलं नाही. निजताना ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची, ओठ मानेला लावायची आणि त्याला दगडासारखी झोप लागायची. इतकं सुख आपल्या वाट्याला यावं याची त्याला भीतीच वाटायची.

तब्येत तेवढी साथ देत नव्हती. पूर्वी एकट्यानं ट्रकचं चाक उचलणारा गजेंद्र आता मोटारसायकलचं चाक काढतानाही धापा टाकायचा. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "रक्त फार कमी आहे. घरात सिकलसेल आहे का कुणाला?"

मामेभाऊ त्यानंच गेला होता. मग काय, ठरलंच. तपासणीला वर्ध्याला जायचं तो उद्यावर ढकलत राहिला. मानेची आग व्हायची, तर त्यानं दाढीचं ब्लेड बदललं.

एकच गोष्ट त्याला आतून खात होती. इथं येऊन इतके दिवस झाले, तरी रोशनीच्या मानेवरची भोकं सुकत नव्हती. तो हळद लावायचा. सकाळी ती पुन्हा ओली.

"तिच्या बापाचं विष हाय ते," रक्षा म्हणायची. "तो जिता हाय तवर सुकणार नाई."

रोशनी दिवसेंदिवस कागदासारखी पांढरी पडत चालली होती. तिला तो आपली लेक मानू लागला होता. तिच्यासाठी काय करावं लागणार, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

आणि आज तानाबाई सांगत आली, सिंदीचा कोणी माणूस चौकात बाईचा नि पोरीचा फोटो दाखवून राह्यला.

"तो दारात उभा राहीन," रक्षा म्हणाली. "हात जोडन, गोडगोड बोलन. तुमी तोंड उघडू नोका. उंबरठ्यावर अडकला का हाणा." तिनं रोशनीला उचललं आणि मागच्या खोलीत नेलं.

चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन गजेंद्र दाराआड उभा राहिला. अंगणात पावलं वाजली. कुणी चपला काढल्या.

"हाव का जी घरी कोणी?"

गजेंद्रनं श्वास रोखला. माणूस थांबेल, विचारेल, याची तो वाट पाहत होता. तेवढ्यात एक अंग त्याच्या अगदी जवळून पुढे सरकलं, आणि त्यानं दचकून सगळा जोर लावून टॉमी हाणली. एकदा, मग पुन्हा.

मागच्या खोलीतून रोशनी किंचाळली, "बाबा!"

रक्षा सावकाश बाहेर आली. "आता घाला जी कडी," ती म्हणाली आणि मागून त्याच्या गळ्यात हात टाकले.

कडी घालायला गजेंद्रनं हात पुढे केला. उंबरठ्याबाहेर चपलांचा जोड नीट काढून ठेवलेला होता. रुपेश आत, पार चुलीपाशी पडला होता, आणि त्याला कुणीच 'ये' म्हटलं नव्हतं.