उतरलेला काटा

हिवाळाभर जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, ऊर्मिलाच्या घरात हायझुंगमधलं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेतलं, पाण्याचं प्रेशर उतरायचं आणि सगळे रेडिएटर गार पडायचे. मग आठवडाभर ऑफिसात पिचलेली ऊर्मिला शनिवारी केलरमध्ये, तळघरात, जाऊन कोपरगावला वडिलांना, अप्पांना, व्हिडिओ कॉल लावायची. अप्पांनी साखर कारखान्यात उभा जन्म बॉयलर सांभाळला होता. आई गेल्यापासून ते कुणाशी फारसे बोलत नसत, पण "नळी लाव, पाणी हळू सोड, प्रेशरचा काटा दीडवर आला की बंद कर," एवढं सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत व्हायचा.

शेवटी तिच्या नवऱ्याने, गौरांगने, वैतागून हायझुंगवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीतला गळका पाइप बदलून टाकला.

"सुटलीस बाई एकदाची!" गौरांग म्हणाला.

त्या शनिवारी ऊर्मिला नुसतीच पलंगावर पडून राहिली. मग उठली, जड पायांनी केलरमध्ये गेली आणि तिने फोन लावला.

"अप्पा, पुन्हा उतरलंय हो प्रेशर. काय करू?"

अप्पांनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ तोंड आणलं आणि ते निरखून बघू लागले. तेव्हा कुठे ऊर्मिलाच्या लक्षात आलं, की सवयीने तिने कॅमेरा काट्यावरच धरला होता, आणि काटा चांगला दीडवर उभा होता.

 

"हो गं, फारच उतरलंय," अप्पा म्हणाले. "लाव नळी. मी बघतोय."