हिरव्या रंगाचा हात

भंगाराची दुकानं पालथी घालून सुनेने सहा महिन्यांत घरापुढची बाग सजवली होती. मोडक्या शिलाई मशीनच्या सांगाड्यावर गुलाबाची कुंडी, गळक्या झारीत शेवंती, लोखंडी खाटेच्या कठड्यावर चढवलेली जाई. आणि सगळ्यावर कसा छान, जुनापुराणा गंज! उद्या बागकामाच्या मासिकाचा फोटोग्राफर येणार म्हणून ती ऑफिसातून लवकर निघाली, आणि घराच्या फाटकातच थबकली.

सगळं हिरवंगार झालं होतं. झाडं नव्हे, लोखंड!

मामंजी जन्मभराचे रंगारी. सासूबाई गेल्यापासून वर्षभर खुर्चीला खिळलेले. काही विचारलं तर 'हं', नाहीतर तेही नाही. आज मात्र कोपरापर्यंत रंग आणि ओठांवर चक्क शीळ!

"आलीस? अगं, पाहुणा येणार आणि तू त्याला असलं गंजकं ध्यान दाखवणार होतीस? लोक म्हणतील, रंगाऱ्याच्या घरी रंगाचा दुष्काळ! सकाळी तू गेल्यापासून गंज घासतोय. रंगाचा दुसरा हात अजून राहिलाय, मध्ये बोलू नकोस. आणि भूक लागलीय, काहीतरी वाढ बघू."

वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून जेवण मागितलं होतं. राग गिळून ती ताट घ्यायला वळली.



त्यांना जेवायला वाढून तिने फोटोग्राफरला "बाग अजून तयार व्हायचीय" असं कळवलं आणि ती तडक भंगारवाल्याकडे गेली: "दादा, चांगला मुरलेला गंज असेल असं काहीतरी अगडबंब द्या. घासायला महिनाभर पुरलं पाहिजे."